शिकविणाऱ्यांनीं कोठें शिकावें ?

कुर्डुवाडीच्या स्थानकावर एके काळीं एक खटपटीचा उद्योग चाले. मुंबईकडून मोठ्या रुळांवरून आलेला माल तेथें उतरवावयाचा आणि बारशी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरील डब्यांत पुन्हा भरावयाचा. ही लहानगी गाडी १८९७ मध्यें बार्शीपर्यंत सुरू झाली आणि पुढें बालाघाटाच्या डोंगरांत शिरून, येडशीवरून, १९११ मध्यें लातुरास पोंचली. उस्मानाबाद शहर, म्हणजे आजचें धाराशिव, त्या रुळांपासून दूरच राहिलें. तेथें जाणारा उतारू येडशीस उतरे आणि उरलेली वाट मिळेल त्या वाहनानें काटी. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रूळ रुंद झाले, धाराशिवासहि गाडी आली, आणि कुर्डुवाडीचा तो खोळंबा संपला. मालाचा खोळंबा असा संपला. विद्येचा खोळंबा मात्र इतक्या लवकर संपत नाहीं. पुण्यास, अमरावतीस किंवा पतियाळ्यास जें ज्ञान मोठ्या रुळांवरून येऊन पोंचतें, तें येडशीसारख्या गांवच्या मैदानापर्यंत जाण्यापूर्वीं मध्येंच कोठेंतरी उतरून पडतें, आणि तें उचलून लहान डब्यांत भरणारा माणूस नेहमींच मिळतो असें नाहीं.

अशा गांवांतील शाळेचा क्रीडाशिक्षक क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. शाळेंत गणिताचे दोन शिक्षक असतात, भाषेचे तीन असतात. एकाचें अडलें तर मधल्या सुट्टींत तो दुसऱ्यास विचारतो. खेळाचा शिक्षक बहुधा एकटाच. त्याचा तास वेळापत्रकाच्या शेवटीं, त्याचें मैदान पावसाळ्यांत चिखलाचें व उन्हाळ्यांत ढेकळांचें. संघांत बाराजणी घ्यावयाच्या आणि इच्छा वीसजणींची. एकीचे वडील दहावीचें वर्ष म्हणून खेळ बंद करावयास सांगतात. दुसरीचा गुडघा सुजला आहे, पण परवां तालुक्याचा सामना आहे आणि ती स्वतःच ‘दुखत नाहीं’ म्हणून शपथेवर सांगते. खो-खोचे नियम त्याला मुखोद्गत असतील. खांबावरचा सूर कसा मारावा, साखळीनें पळणाऱ्याचा पाठलाग किती पाट्यांपर्यंत करावा, हेंहि तो उत्तम शिकवील. पण त्या सुजलेल्या गुडघ्याचें आणि त्या शपथेचें काय करावें, हें कोणत्याहि नियमावलींत छापलेलें नाहीं. हा प्रश्न खेळाच्या कसबाचा नव्हे. माणसें सांभाळण्याचा, त्यांना मार्गाला लावण्याचा, प्रसंगीं त्यांना अप्रिय होण्याचा हा प्रश्न आहे. आणि अलीकडे जगभर ज्याला प्रशिक्षकाचें नेतृत्व म्हणतात तें हेंच.

धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. या जिल्ह्याच्या मुलींनीं या खेळांत जें नांव मिळविलें, तें पाहून मोठमोठ्या शहरांनीं कौतुक करावें असें आहे. सारिका काळे यांच्या नेतृत्वाखालीं भारताच्या महिला संघानें २०१६ च्या फेब्रुवारींत गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविलें, आणि २०२० मध्यें त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वांट्यास तो मान तब्बल बावीस वर्षांनीं आला होता. पुरस्काराच्या वेळीं वर्तमानपत्रांतून जी हकीकत प्रसिद्ध झाली, ती पदकापेक्षां अधिक लक्ष देऊन वाचावी अशी आहे. घरच्या दारिद्र्यामुळें कित्येक वर्षें या मुलीनें दिवसाला एकच वेळचें जेवण काढलें होतें. आणि ज्या २०१६ मध्यें तिनें देशाच्या संघाचें नायकत्व केलें, त्याच २०१६ मध्यें आर्थिक ओढगस्तीला कंटाळून तिनें खेळ सोडण्याचा निश्चय करून स्वतःला खोलींत कोंडून घेतलें होतें. तिच्या आजीनें ही गोष्ट तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानावर घातली. त्यांनीं तिची समजूत घातली, आणि ती पुन्हा मैदानावर आली. पुढें ती शासनाच्या सेवेंत क्रीडाधिकारी झाली.

या हकीकतींत प्रशिक्षणाचें सर्व मर्म आलें आहे. त्या दिवशीं प्रशिक्षकाला हुलकावणी शिकवावयाची नव्हती. तो काय बोलला, किती बोलला, केव्हां गप्प बसला, आजीला काय सांगितलें, यांतील एकहि गोष्ट कोणत्याहि प्रमाणपत्राच्या परीक्षेंत विचारली जात नाहीं. आजीला प्रशिक्षकाचें दार ठोठवावेंसें वाटलें, हीहि लहान गोष्ट नव्हे; तो विश्वास अनेक वर्षांच्या वागणुकीनें जमा झालेला असतो. आतां दुसऱ्या एखाद्या तालुक्यांत, दुसरी एखादी मुलगी अशीच खोली लावून बसली, तर तेथील तरुण शिक्षकानें काय करावें ? अनुभवी माणसाजवळ उत्तर आहे. पण तें उत्तर त्याच्याजवळच राहतें, आणि तो निवृत्त झाला म्हणजे त्याच्याबरोबर घरीं जातें.

शिकविणाऱ्यांनीं एकमेकांपासून शिकावें हा विचार महाराष्ट्राला नवा नाहीं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ च्या सुमारास खो-खोच्या नियमांना आकार दिला. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें १९३५ मध्यें खो-खो व आट्यापाट्या यांची नियमावली छापली. त्यापूर्वीं पेठेपेठेला खेळ वेगळा होता. नियम एक व्हावयाचे तर निरनिराळ्या गांवच्या जाणत्यांनीं एकत्र बसून भांडावें लागतें, आणि तें भांडण म्हणजेच त्यांची शाळा होती. वैद्य बंधूंनीं १९१४ मध्यें स्थापिलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या वर्गांना दूरदूरचे तरुण येत, लाठी-लेझीम-मलखांब शिकून आपापल्या गांवीं परत जात. या मंडळाच्या पथकानें १९३६ मध्यें बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं देशी खेळ करून दाखविले होते. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत ‘व्यायाम-ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. दहा खंड एका आखाड्याच्या अनुभवावर निघत नाहींत. गांवोगांवच्या वस्तादांची विद्या, जी तोपर्यंत तोंडींच होती, ती त्यांत कागदावर आली. त्या काळाचीं साधनें टपाल, मासिकें आणि उन्हाळी वर्ग हीं होतीं. वर्ग संपला कीं माणूस पुन्हा एकटा पडे, ही त्यांतील उणीव.

या उणिवेकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहण्याचें श्रेय जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर या दोन अभ्यासकांना द्यावें लागेल. त्यांनीं १९९१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत निरनिराळ्या धंद्यांतील उमेदवार कसे शिकतात याचा विचार केला आहे. लेव्हबाईंनीं पश्चिम आफ्रिकेंतील लायबेरिया देशांत शिंप्यांच्या दुकानांत बसून पाहिलें. तेथील पोऱ्या प्रथम बटणें लावावयास व काठ दुमडावयास शिकतो, मग शिवण, आणि कापड बेतून कापणें अगदीं शेवटीं. म्हणजे कपडा ज्या क्रमानें तयार होतो त्याच्या उलट क्रमानें तो शिकतो. कारण बटण चुकलें तर उसवतां येतें, कापड चुकीचें कापलें तर तें गेलेंच. हा क्रम कोणी ठरवून दिलेला नसतो. चार कारागीर एका दुकानांत एकमेकांच्या डोळ्यांदेखत काम करीत असल्यामुळें तो आपोआप बसतो. आपल्याकडील सोनार, गवंडी, आखाड्यांतील पठ्ठे असेच शिकले. क्रीडाशिक्षकाचें दुर्दैव असें कीं त्याला दुकान आहे, पण त्या दुकानांत दुसरा कारागीर नाहीं. त्याच्या हातीं पहिल्या दिवसापासून कात्रीच येते, आणि कापड म्हणजे चौदा वर्षांचीं मुलें.

२०२० च्या टाळेबंदींत मैदानें ओस पडलीं, तेव्हां भारतीय क्रीडा प्राधिकरणानें प्रशिक्षकांसाठीं व शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठीं ऑनलाइन वर्ग चालविले. जो शिक्षक पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेंत जन्मांत गेला नसता, त्याला तेथील तज्ज्ञांचें बोलणें घरच्या ओट्यावर ऐकूं आलें. ही सोय लहान नव्हे. तथापि व्याख्यान ऐकणें आणि मंडळांत शिकणें यांत मोठें अंतर आहे, आणि तें पुष्कळदां विसरलें जातें. व्याख्यानांत हजारजण असले तरी प्रत्येकजण एकटाच असतो. मंडळांत दहाचजण असतात, परंतु त्यांतील प्रत्येकाला इतर नऊजणांची अडचण ठाऊक असते. तज्ज्ञाला प्रश्न विचारावयास संकोच वाटतो. आपल्यासारख्याच ढेकळांच्या मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला विचारावयास वाटत नाहीं.

असें अभ्यासमंडळ चालावें कसें ? परगांवच्या सात-आठ क्रीडाशिक्षकांनीं महिन्यांतून दोनदां, रात्रीं जेवणें आटोपल्यावर, तासभर मोबाइलच्या पडद्यावर भेटावें. एकानें आपल्याकडे घडलेला एकच प्रसंग सांगावा, व तोहि यशाचा नव्हे, अडलेला. समजा, सुजलेल्या गुडघ्याचाच. पहिलीं दहा मिनिटें इतरांनीं केवळ प्रश्न विचारावेत, सल्ला देऊं नये. हा नियम पाळणें मास्तरांच्या जातीला सर्वांत जड; सल्ला हा त्यांच्या जिभेवरच बसलेला असतो. पण प्रश्नांनींच प्रसंग उलगडतो. मुलगी खोटें कां बोलते ? बाहेर बसली तर तिची जागा कायमची जाईल अशी भीति तिला कोणीं घातली ? मागल्या वर्षीं दुखापत सांगणाऱ्या मुलीला संघांतून काढलें होतें काय ? येथवर आलें म्हणजे शिक्षकाला बहुधा स्वतःच दिसतें कीं ती शपथ आपणच मुलीकडून घेवविली. मग इतरांनीं आपापल्याकडील तोड सांगावी : कोणी दुखापत झालेल्या मुलीला गुणलेखनास बसवितो, कोणी ‘तुझी जागा तुझीच आहे’ हें सर्व संघासमोर बोलून दाखवितो, कोणी सरळ डॉक्टरची चिठ्ठी मागतो. पुढच्या भेटींत पहिल्या पांच मिनिटांत त्या शिक्षकानें काय केलें व काय झालें, हें सांगावयाचें. हा शेवटचा भाग गाळला कीं मंडळाच्या गप्पा होतात.

आणि गप्पा होण्यास वेळ लागत नाहीं. मोबाइलवर शिक्षकांचे समूह आजहि भरपूर आहेत. त्यांतून पहांटे सुविचार येतात, दुपारीं परिपत्रकें येतात, संध्याकाळीं विजयी संघांच्या हारतुऱ्यांचीं चित्रें येतात. पराभवाचें चित्र कोणी पाठवीत नाहीं. वरिष्ठ अधिकारी ज्या समूहांत आहेत तेथें कोणी आपली चूक उघड करील ही अपेक्षाच व्यर्थ आहे. म्हणून अभ्यासमंडळांत हुकूम देणारा माणूस नसावा, आणि असलाच तर त्यानेंहि आपला अडलेला प्रसंग आधीं सांगावा. भाषा मराठी असावी हें सांगावयास नको, तरी सांगावें लागतें. कारण ‘नेतृत्व’ शब्द आला कीं इंग्रजी पाट्यांची मालिका पडद्यावर सरकूं लागते आणि तालुक्याचा शिक्षक मान हालवून गप्प बसतो.

येथें एका गंभीर गोष्टीचा उल्लेख टाळतां येत नाहीं. खेळाडू मुलें अज्ञान असतात. त्यांचीं नांवें, आजार, घरचीं भांडणें, चित्रें हीं समूहावर फिरतां कामा नयेत. प्रसंग सांगावा, मूल सांगूं नये. याच्याहि पलीकडे, एखाद्या मुलीनें वा मुलानें लैंगिक छळाची गोष्ट सांगितली, तर ती मंडळांत विचारार्थ ठेवण्याची बाबच नव्हे. बालकांचें लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणें, ज्याला अशी माहिती कळली त्यानें ती पोलिसांकडे पोंचविलीच पाहिजे. ‘आधीं आपापसांत बोलूं’ ही सौजन्याची सवय तेथें अपराध ठरते. हें कलम माहीत नसलेले शिक्षक पुष्कळ आहेत, आणि मंडळाच्या पहिल्याच भेटींत तें सर्वांना वाचून दाखविलें तर ती भेट सत्कारणीं लागली असें म्हणतां येईल.

स्त्री-प्रशिक्षकांच्या बाबतींत या साधनाचें मोल अधिक आहे. २०२१ मध्यें भरलेल्या टोकियो ऑलिंपिकांत खेळाडूंपैकीं जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या, परंतु प्रशिक्षकांत स्त्रियांचें प्रमाण शेंकडा १३ इतकेंच होतें. म्हणजे मुली धांवतात, आणि शिट्टी पुरुषाच्या हातांत राहते. याचें कारण गुणांची वाण हें नव्हे. प्रशिक्षकाच्या वरच्या पायऱ्या चढावयाच्या तर महिना-दीड महिना घराबाहेरच्या शिबिरांत राहावें लागतें, आणि ज्या वयांत ही संधि येते त्याच वयांत घरांत पाळणा हालत असतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें स्त्री-प्रशिक्षकांसाठीं २१ महिन्यांचा एक कार्यक्रम आंखला, तो या दृष्टीनें मननीय आहे. त्यांत इंग्लंडांतील हर्टफर्डशायर विद्यापीठांत एक आठवड्याचा प्रत्यक्ष सहवास आहे, आणि उरलेलें बहुतेक शिक्षण प्रत्येकीनें आपल्या देशीं राहून, अनुभवी मार्गदर्शकाच्या सोबतीनें दूरवरून घ्यावयाचें आहे. आठवडा एक आणि महिने एकवीस, हें प्रमाण आपल्याकडील शिबिरें आंखणाऱ्यांनीं टिपून ठेवावें.

पण तो एक आठवडाहि गाळूं नये. पडद्यावरून सर्व साधतें असें मानणाऱ्यांनीं एकदां खांबावरचा सूर पडद्यावरून शिकवून पाहावा. खांबावरची पकड ढिली आहे कीं घट्ट, हें हात लावल्यावांचून कळत नाहीं. मूल घाबरलें आहे हें त्याच्या श्वासावरून कळतें, आणि श्वास पडद्यावर दिसत नाहीं. शिवाय ज्यांनीं एकदां एका ताटांत जेवून एकमेकांची थट्टा केली आहे, तेच पुढें पडद्यावर मन मोकळें करतात. वर्षांतून एकदां कोठेंतरी प्रत्यक्ष जमावें. येडशीजवळच्या दरींतील रामलिंगाचा परिसर अशा जमावास फारच सोयीचा : भोवतीं अभयारण्याचें रान, पावसाळ्यांत वाहतें पाणी, आणि हमरस्ता व रेल्वे दोन्ही हाताशीं.

खेळहि आतां स्वस्थ बसूं देत नाहीं. २०२२ मध्यें पुण्यांत बालेवाडीस व्यावसायिक खो-खोची पहिली साखळी-स्पर्धा झाली. मैदान मातीचें जाऊन गादीचें झालें, संघांत नवांच्या जागीं सातजण खेळूं लागले, आणि कोणत्याहि दिशेला वळण्याची मुभा असलेला ‘वजीर’ आला. २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यांत भारताच्या महिलांनीं नेपाळवर ७८–४० आणि पुरुषांनीं नेपाळवरच ५४–३६ असा विजय मिळविला. त्या महिला संघांत धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. मातीवर घसरून खो देणाऱ्या मुलीचा पाय गादीवर अडकतो. तिथें पायांत बूट हवेत, सूर मारण्याचा अंदाज निराळा हवा. ज्या शाळेंत गादी नाहीं तेथील मुलीला गादीवरच्या सामन्यासाठीं तयार कसें करावें, हा आज तालुक्याच्या शिक्षकापुढचा रोकडा प्रश्न आहे. त्याची तोड दिल्लीस निघणार नाहीं, कारण दिल्लीस गादी आहे. ती निघालीच तर गादी नसलेल्या आठ शाळांच्या शिक्षकांतच निघेल.

शहरांतील सुशिक्षित घरांना हें प्रकरण दूरचें वाटण्याचा संभव आहे. त्यांचीं मुलें पोहण्याच्या तलावावर जातात, टेनिस खेळतात, बुद्धिबळाच्या वर्गास बसतात; फी भरली म्हणजे कर्तव्य संपलें. परंतु शहरांतला प्रशिक्षकहि एकटाच असतो, फार तर त्याच्या भोवतीं अधिक दिवे असतात. आईबापांनीं वर्गांत नांव घालतांना किती पदकें आलीं हें विचारण्याची रीत आहे. त्याच्या जोडीला एक साधा प्रश्न विचारावा : एखाद्या मुलाविषयीं तुमचें अडलें, तर तुम्ही कोणाला विचारतां ? ज्या प्रशिक्षकापाशीं या प्रश्नाला दोन-चार नांवें आहेत, त्याच्या हातीं मूल द्यावयास हरकत नसावी. ‘मला कोणाला विचारावें लागत नाहीं’ असें अभिमानानें सांगणारा कितीहि पदकवाला असो, घरीं येऊन पुन्हा एकदां विचार करावा.

संध्याकाळीं मैदान रिकामें होतें. खांब तसेच उभे राहतात, पाट्यांवरची माती उडते, शेवटची मुलगी सायकल काढते. गुडघ्यावर फडकें बांधलेली मुलगी त्या दिवशीं बाजूला बसून गुण लिहीत होती. उद्यां ती काय म्हणते आणि तिचे वडील काय म्हणतात, हें आज कोणालाच ठाऊक नाहीं. शिक्षक शाळेचें दार लावतो आणि घड्याळाकडे पाहतो. साडेआठाला बार्शीचे, तुळजापूरचे, कळंबचे असे सातजण त्याची वाट पाहणार आहेत.